नेल्डाच्या मापाची बंदूक

ओलीटाच्या मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं होतं आणि शेजारी वर्जिल गाडी चालवता चालवता भाषणाची तालीम करत होता.

"मी आधी काही बोलणारच नाही," तो म्हणाला. "ट्वायलाला काय अक्कल शिकवायची ती शिकवू दे. ट्रॅव्हिसलाही बोलू दे. नेल्डा एकदा बंदूक उडवेल, खांदा धरून खाली बसेल. मग मी शांतपणे म्हणेन, नेल्डा, झालं ना समाधान? आता आईला घेऊन आमच्याकडे चल."

"आणि नाही म्हणाली तर?"

"कशी नाही म्हणेल? मागची खोली तयार आहे ना?"

खोली तयार होती. ओलीटाने गेले दोन आठवडे दुसरं काही केलंच नव्हतं. दोन पलंग, पिवळे पडदे, सासूबाईंसाठी उंच पाठीची खुर्ची. वर्जिलला वाटत होतं, बायको किती मायेची आहे. ओलीटाने त्याचा गैरसमज तसाच राहू दिला होता.

गेल्या महिन्यात दिवेलागणीला कुणीतरी नेल्डाच्या स्वयंपाकघराचं दार उघडून आत आलं होतं. नेल्डा तेव्हा झोपायच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. आधी वाटलं, सासूबाई उठल्या असतील. मग फ्रिज उघडला, बूट वाजले, आणि सासूबाई घरात कधी बूट घालत नाहीत. तिने खोलीचं दार लावलं, त्याला पाठ टेकली आणि फोन केला. शेरीफचा माणूस काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाला होता, त्याला यायला तास लागला. तोवर आलेला गडी हार्लनचा रेडिओ आणि उरलेलं हॅम घेऊन निघून गेला होता. सासूबाई कानातलं यंत्र काढून गाढ झोपल्या होत्या. त्यांना सकाळी राग आला तो हॅमचा.

हार्लन, वर्जिलचा धाकटा भाऊ, मागच्या वसंतात शेळ्यांच्या गोठ्यात छातीत कळ येऊन गेला. त्याच्या मातीच्या वेळी वर्जिलने सगळ्यांदेखत सांगितलं होतं की नेल्डाची आणि आईची काळजी माझ्याकडे. त्यामुळे हॅमची बातमी कळल्यावर त्याने फोनवर सरळ हुकूम सोडला: शेत भाड्याने द्यायचं, दोघींनी गावात यायचं. नेल्डा शांतपणे म्हणाली होती, "भाऊजी, मी बंदूक घेते."

मॅबेरींच्या, म्हणजे वर्जिलच्या, घरात पाळण्यातून उतरलेलं पोर बंदुकीशी खेळायला जातं. पण नेल्डा समुद्रकाठच्या शहरातली, पियानो शिकवणाऱ्या बाईची मुलगी. पाच फूट उंची, मनगटं एखाद्या मुलीसारखी. लग्नाच्या वीस वर्षांत तिने कधी काडतुसाला हात लावला नव्हता. म्हणून आज सगळे जमत होते. नेल्डाला बंदूक निवडून द्यायला म्हणून, आणि ती कशी निवडते ते बघायलाही.

फाटकातून आत शिरताच वर्जिलच्या कपाळाला आठी पडली. ट्वायलाची पिकअप आधीच ओकच्या झाडाखाली उभी होती.

"हिला अकराला ये म्हटलं की दहाला येते," तो पुटपुटला.

ट्वायला त्याची बहीण. लग्न केलं नाही, घोडे पाळले, आणि काउंटीच्या जत्रेत हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडण्याचं बक्षीस इतक्या वेळा घेतलं की आता तिला परीक्षक करून टाकलं होतं. ती गाडीच्या मागच्या फाळक्यावर बसून सफरचंद खात होती. तिच्या शेजारी ओलीटाचा मुलगा ट्रॅव्हिस. सव्वीस वर्षांचा, बंदुकांच्या दुकानात नोकरीला, आणि आज आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता.

"आई, तू बघच," तो ओलीटाच्या हातातलं भांडं घेत म्हणाला. "मी काकूसाठी काय आणलंय. चोर नुसती बघूनच पळेल."

"पळणारच असेल तर चित्र काढून दाराला लाव," ट्वायला म्हणाली. "स्वस्त पडेल."

जेवण झालं, पण कुणाचं लक्ष जेवणात नव्हतं. रात्रभर मंद धुरावर शिजलेलं मांस होतं, राजमा होता, सॅलड होतं. सासूबाईंनी, म्हणजे मर्टलबाईंनी, नेहमीप्रमाणे ताकात मक्याचा पाव कुस्करून खाल्ला आणि मध्येच विचारलं, "कुणाचं लग्न ठरलंय का? सगळे असे का बसलेत?"

"बंदूक, आई," वर्जिल ओरडून म्हणाला. "नेल्डाला बंदूक."

"मग उठा की. जेवण काय पळून जातंय?"

गोठ्यामागे मातीचा उंच बांध होता. त्याच्यासमोर ट्रॅव्हिसने रंगाचे जुने डबे ओळीने मांडले. सगळ्यांनी कानावर मोठी कानझाकणी चढवली. मर्टलबाईंनी उलट कानातलं यंत्र काढून एप्रनच्या खिशात टाकलं आणि खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाल्या, "सुरू करा."

वर्जिलने गाडीतून कापडात गुंडाळलेली बंदूक आणली. कापड सोडलं आणि सगळे जवळ सरकले. ती हार्लनची होती. बारा बोअरची, पुढचा लाकडी मुठा मागेपुढे ओढून भरायची. हार्लन गेल्यावर तेल-पाणी करायला म्हणून वर्जिलने ती नेली होती.

"ही घरातच आहे," तो म्हणाला. "दुसरी कशाला हवी? त्याची बंदूक, त्याच्या बायकोच्या हातात. त्यालाही बरं वाटेल."

नेल्डाने दस्त्यावरून हात फिरवला. जिथे हार्लनचा गाल टेकायचा तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. ओलीटाला वाटलं, आता ही रडणार. पण नेल्डाने फक्त विचारलं, "कशी धरायची?"

वर्जिलने दाखवलं. शिकवायला लागला की तो चांगला होता. आवाज खाली आणायचा, घाई करायचा नाही. पण बंदूक नेल्डाच्या मानाने लांब होती. दस्ता खांद्याला लावला तर हात पुढच्या मुठ्यापर्यंत कसाबसा पोचत होता, आणि नळीचं वजन सावरायला ती कमरेतून मागे वाकली होती.

"पुढे वाक," ट्वायला म्हणाली.

"वाकतेय की."

बार झाला. नेल्डा दोन पावलं मागे गेली, आणि मागे वर्जिल नसता तर बसलीच असती. डबा जागच्या जागी. झाडावरचे कावळे काव काव करत उठले.

"पुरे?" वर्जिलने हळूच विचारलं.

"अजून एक," नेल्डा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते धक्क्याचं होतं. तिने मुठा मागे ओढला, अर्धाच, आणि पुढे ढकलला. रिकामं काडतूस तोंडाशी अडकलं. ओढेना, सुटेना.

"हे असं होतं," ट्वायला म्हणाली. "हात लहान असला, माणूस घाबरलेला असला, की पुरतं मागे जात नाही. दादा, तुझ्या हाताला पुरतं जातं म्हणून तुला कळत नाही."

"सवयीने जमतं."

"चोर सवय होईपर्यंत थांबेल का?"

ट्रॅव्हिसला हेच हवं होतं. त्याने आपली पेटी उघडली. काळीकुट्ट, आखूड, दस्ता नाहीच, मागे पिस्तुलासारखी मूठ. ओलीटाला ती बघून मुलाच्या लहानपणच्या खेळण्यांची आठवण झाली. "ही कमरेवरून उडवायची," तो म्हणाला. "नेमबिम काही नाही. छर्रे असे पसरतात की समोरचा वाचतच नाही."

"दाखव," ट्वायला म्हणाली.

त्याने कमरेजवळ धरून बार टाकला. बांधाची माती उडाली, डब्याच्या चांगली हातभर उजवीकडे. पुन्हा टाकला. या वेळी डावीकडे. मग तो मनगट झटकत उभा राहिला आणि आपल्याला काही झालेलं नाही असं दाखवू लागला.

"बाळा, हात दुखला का?" मर्टलबाईंनी मोठ्याने विचारलं.

"नाही आजी."

"काय?"

"नाही म्हटलं."

नेल्डा हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. ओलीटा ते हसू बघत राहिली. ही पोरगी गावात येणार नाही, हे तिला त्या क्षणी कळून चुकलं. मागच्या खोलीतले दोन पलंग तिच्या डोळ्यांपुढे आले, रिकामे.

ट्वायलाने बंदूक आणायच्या आधी नेल्डाला जवळ बोलावलं. कोपरातून हात वाकवायला लावला, कोपराच्या खळगीत बंदुकीचा दस्ता टेकवला आणि नेल्डाचं बोट चापाकडे नेलं. बोट सहज पोचलं.

"हे बघ, दादा. बाकी काही बघायच्या आधी हे बघायचं. शिंप्याकडे गेलं की तो आधी माप घेतो ना? इथे तुम्ही सगळे आपापले कोट घेऊन आलात."

ही वीस बोअरची होती, म्हणजे बारापेक्षा बारीक नळीची. एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप वर येणारी. ट्वायलाने दस्ता दीड इंच कापून मागे जाड रबर बसवलं होतं. "यातला अर्धा धक्का बंदूकच पिते," ती म्हणाली. "पाय फाकव. डावा पुढे. दारात उभी राहून कुणाशी भांडतेयस असं समज."

"मी दारात भांडत नाही."

"मग आजपासून शीक."

नेल्डाने नळी उचलली. या वेळी ती मागे झुकली नाही. बार झाला आणि निळा डबा हवेत उडून बांधावर आपटला. क्षणभर ती तशीच उभी राहिली, जणू दुसऱ्या कुणी केलं असावं. मग दुसरा डबा. तिसरा चुकला. चौथा गेला. तिने बंदुकीचा सुरक्षेचा खटका लावला, नळी खाली केली, वळली, आणि ओलीटाने पाहिलं की तिचे गाल लाल झाले आहेत आणि ती धापा टाकते आहे. लहान मूल पहिल्यांदा आधाराशिवाय सायकल चालवतं तेव्हा त्याचं तोंड असंच होतं.

"मला पियानोच्या आधी हे का नाही कुणी शिकवलं?" नेल्डा म्हणाली.

"वीस बोअरने कबुतरं मारतात," वर्जिल म्हणाला.

ट्वायला याचीच वाट बघत होती. तिने पिकअपमधून एक जुनी चादर काढली आणि ट्रॅव्हिसकडून दोन खांबांमध्ये ताणून बांधून घेतली. "तुझ्या घरात सगळ्यात लांबचा नेम किती, नेल्डा? पलंगापासून दारापर्यंत. तेवढ्यावर उभं राहू." तिने वर्जिलच्या बारा बोअरने एक बार टाकला, वीसने एक. सगळे चादरीजवळ गेले. दोन भोकं, दोन्ही साधारण बशीएवढी. कोणतं कुठलं हे सांगता येत नव्हतं.

"पसरतात म्हणे," ट्वायला ट्रॅव्हिसकडे बघून म्हणाली. "घरात पसरायला जागा कुठे आहे? नेम धरावाच लागतो. धरता येईल अशीच घ्यायची. आणि छर्रे असे निवडायचे की ते दोन भिंती फोडून आईच्या खोलीत जाणार नाहीत."

वर्जिलने चादरीतल्या भोकात बोट घातलं, काढलं. पण हार मानायची त्याची जात नव्हती.

"ठीक. डबे पडले. डबे चालत येत नाहीत," तो म्हणाला. "घरात चला. पडदे लावा. नेल्डा पलंगावर पडेल. मी स्वयंपाकघराच्या दाराने येतो. मी तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती तयार झाली तर मी पुन्हा गावाचं नाव काढणार नाही. नाही झाली तर दोघी आजच आमच्याबरोबर."

सगळ्यांनी नेल्डाकडे पाहिलं. तिने ट्वायलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "चालेल, भाऊजी."

ट्वायलाने बंदूक रिकामी केली, आत बोट घालून पाहिलं, ट्रॅव्हिसला पाहायला लावलं, आणि सगळी काडतुसं आपल्या गाडीत ठेवून किल्ली खिशात टाकली. "रिकामी असली तरी नळी माणसाकडे नाही. जमिनीकडे. ज्याने हे मोडलं तो आज जेवणाची भांडी घासेल."

मर्टलबाई तोवर आपल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या होत्या. त्यांची खोली बोळाच्या एका बाजूला, नेल्डाची दुसऱ्या बाजूला, टोकाला स्वयंपाकघर. ट्रॅव्हिसने पडदे ओढले. घरात संध्याकाळ झाल्यासारखं झालं. ओलीटा बोळाच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाला पाठ लावून उभी राहिली. खेळ तर आहे, ती मनात म्हणाली. पण वर्जिलने बाहेरून दाराची मूठ फिरवली आणि ती कडकन वाजली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला.

वर्जिल भरपूर वजनाचा माणूस, पण शिकारीला जाणारा. पावलं वाजली नाहीत. नेल्डाच्या खोलीत कपाटाचं दार कुरकुरलं. मग नेल्डा बोळात आली. तिच्या हातात बंदूक, नळी खाली, आणि ती पुढे सरकत होती, सासूबाईंच्या खोलीकडे. समोरून काहीतरी हललं. नेल्डा थबकली, खांदे ताठ झाले, बंदुकीचा दस्ता वर आला.

"कोण आहे?" ती म्हणाली. उत्तर नाही. "थांब तिथे."

ती आकृती थांबली नाही. ती आली, अगदी जवळ, आणि म्हणाली, "ताक संपलं का गं?"

मर्टलबाई. हातात पेला, पायात लोकरी मोजे, कानात यंत्र नाही.

बोळात कुणी हललं नाही. वर्जिल त्यांच्या मागेच, भिंतीला चिकटून उभा होता. तो हळूहळू उजेडात आला. आता तो चिडलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"ही भरलेली असती," तो म्हणाला, "आणि रात्रीची वेळ असती."

नेल्डाने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली आणि आपल्या खोलीत पलंगाच्या कडेला जाऊन बसली. तिचे हात कापत होते. मर्टलबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, खिशातून यंत्र काढून कानात घातलं आणि विचारलं, "मी काय केलं?"

"काही नाही, आई," वर्जिल म्हणाला. "नेल्डा, बॅग भर. मी शेळ्यांचं उद्या बघतो."

नेल्डा उठली. खरंच उठली, बॅग काढायला कपाटाकडे वळली. आणि ओलीटाने स्वतःचा आवाज ऐकला.

"थांब, नेल्डा."

सगळे वळले. सासरच्या मंडळींसमोर ओलीटाने वर्जिलचं वाक्य तोडलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"बंदूक बरोबर होती," ती म्हणाली. "चाल चुकली. हिने बाहेर जायलाच नको होतं. ही बाहेर का गेली? आई तिकडे आहेत म्हणून. आईंना इकडे आणा. पलंग या खोलीत लावा, त्या कोपऱ्यात, ताकाची बाटली उशाशी बर्फाच्या डब्यात ठेवा. मग बोळात जो कोणी असेल तो आपला नाही, हे तरी पक्कं."

"ओलीटा," वर्जिल म्हणाला, "आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं. मलाच या दोघी हव्या होत्या, म्हणून मी हो म्हटलं." तिने एप्रनला हात पुसले, ते कोरडे होते तरी. "नेल्डा, मागची खोली मी तुझ्यासाठी सजवली नाही गं. माझ्यासाठी सजवली. हे हरणांच्या शिकारीला गेले की मी न्हाणीघराला आतून कडी लावते आणि टबात उशी घेऊन झोपते. दरवर्षी. पलंगाखाली बंदूक आहे, बारा बोअरची, यांनी लग्नानंतर आणून दिलेली. तिचा मला त्या चोरापेक्षा जास्त धाक वाटतो."

ट्रॅव्हिस आईकडे बघत राहिला.

"टबात?" वर्जिल म्हणाला.

"हो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. बंदूक आणून दिलीत, मग विचारायचं काय राहिलं?"

मर्टलबाईंनी हे सगळं ऐकलं होतं, यंत्र कानात असल्यामुळे. त्या पेला टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पलंग उचला. मला खिडकीची बाजू हवी. आणि नेल्डा घोरते, ते मी सहन करेन."

"मी घोरते?" नेल्डा म्हणाली.

"मला ऐकू येतं म्हणजे बघ."

मग घरात जी धावपळ उडाली ती ओलीटाला कितीतरी दिवस आठवत राहिली. ट्रॅव्हिस आणि ट्वायलाने लोखंडी पलंग आडवा करून दारातून काढला, दाराचा रंग खरवडला. नेल्डाने कपाट सरकवून सासूबाईंचा कोपरा आडोशाला घेतला. ओलीटाने लांब तारेचा फोन भिंतीच्या कडेने आणून पलंगाखाली ठेवला. वर्जिल दारात उभा होता, हात खिशात, आणि मग अचानक तो पुढे आला आणि कपाटाचं दुसरं टोक उचललं.

"असं नाही, तिरपं ठेव," तो नेल्डाला म्हणाला. "तुला दार दिसलं पाहिजे. मोठ्या पलंगाच्या मागे गुडघ्यावर बस. कोपर गादीवर टेकव. हां. हात कापला तरी नळी कापणार नाही."

ट्वायलाने ओलीटाकडे बघून भुवया उडवल्या. ओलीटाने मान दुसरीकडे वळवली, नाहीतर तिला हसू आलं असतं.

बंदूक पुन्हा तपासली, वर्जिलनेही आत बोट घालून पाहिलं. मग दुसऱ्यांदा तो बाहेर गेला. या वेळी बाकी सगळे खोलीतच थांबले. ओलीटा सासूबाईंच्या पलंगावर बसली, त्यांचा हात हातात घेऊन. मर्टलबाईंचा हात कोरडा आणि गरम होता. त्यांनी ओलीटाची बोटं दाबली आणि कानात कुजबुजल्या, पण त्यांची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं बोलणं, "टबात पाठ दुखत नाही का?"

"दुखते, आई."

"शू," ट्वायला म्हणाली.

मूठ फिरली. दार उघडलं. नेल्डा पलंगावर आडवी होती. ती उठली, घाई नाही, कपाटाच्या मागून बंदूक घेतली, पलंगामागे गुडघ्यावर बसली, कोपर टेकले. नळी उंबऱ्याकडे, खाली. डाव्या हाताने फोन उचलून गादीवर ठेवला. बोळात फळी वाजली. नेल्डाने मोठा श्वास घेतला.

"तू जो कोण आहेस तो तिथेच थांब." हा आवाज ओलीटाने कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. पियानोच्या खालच्या पट्टीसारखा, घरभर भरून राहणारा. "शेरीफला फोन लावलाय. माझ्याकडे बंदूक आहे. माझ्यामागे माझी म्हातारी आहे. या दारातून तू आत येणार नाहीस. आला तसा परत जा."

फळी पुन्हा वाजली नाही. बाहेर एक शेळी ओरडली, लांब. वर्जिल का येत नाही, हे कुणाला कळेना. ट्रॅव्हिस पुढे वाकून बघायला लागला, तर ट्वायलाने त्याची कॉलर धरून मागे खेचला.

"भाऊजी?" नेल्डाने शेवटी विचारलं.

"इथेच आहे," बोळातून वर्जिलचा आवाज आला. "मी थांबलो."

"यायचं होतं ना दारापर्यंत?"

"येणार होतो. ठरवून आलो होतो की काही झालं तरी चालत राहायचं." कुणीतरी धपकन खाली बसल्याचा आवाज आला. "पाय उचलेना, नेल्डा. मला माहीत आहे ती रिकामी आहे. मी स्वतः पाहिली. तरी पाय उचलेना."

ट्रॅव्हिसने पडदा बाजूला सारला. वर्जिल बोळातल्या जमिनीवर बसला होता, भिंतीला टेकून, मोठे हात गुडघ्यांवर. नेल्डा बंदूक पलंगावर ठेवून त्याच्याकडे गेली आणि त्याच्या शेजारी बसली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "हार्लनची ती मी ठेवतो. चालेल?"

"ठेवा. तुमच्या हाताला बसते."

"आणि ट्वायला, ही तुझी विकतेस का हिला?"

"देतेय," ट्वायला म्हणाली. "पण दर शनिवारी माझ्याकडे येऊन डबे फोडायचे. शिकली नाही तर परत घेईन."

ओलीटा सासूबाईंचा हात सोडून उठली. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मेस्किटच्या झाडांच्या सावल्या लांब झाल्या होत्या, पण बांधावर उजेड पडला होता आणि तीन डबे अजून उभे होते. ती बोळात बसलेल्या दोघांना ओलांडून गेली आणि दारात थांबली.

"ट्वायला, ती बंदूक घेऊन ये. आणि गाडीची किल्ली."

"आता कशाला, वहिनी?"

"माझं माप घ्यायचंय."

कुणी हसलं नाही. सगळे तिच्या मागे गोठ्याकडे आले, मर्टलबाईसुद्धा, ट्रॅव्हिसच्या खांद्याला धरून. ट्वायलाने दस्ता ओलीटाच्या कोपराच्या खळगीत टेकवला. बोट चापाशी पोचलं, थोडं जास्तच. मग तिने गाडीतून काडतुसं आणली, दोन बंदुकीत भरली आणि बाकीची वर्जिलकडे दिली. ओलीटाने पाय फाकवले, पुढे झुकली. वर्जिल तिच्या मागे आला, तिला सावरायला, सवयीने.

"तुम्ही बाजूला उभे राहा," ती म्हणाली.

तो बाजूला झाला.

बार झाला. धक्का बसला, पण तिला वाटला होता तसा नाही. कुणी ओळखीच्याने खांद्यावर जोरात थाप मारावी तसा. डबा हलला नाही. मागे धूळ उडाली. वर्जिल सांगायला पुढे वाकला, नेम जरा खाली गेला म्हणून, आणि ओठांपर्यंत आलेलं त्याने गिळलं. ओलीटाने पुन्हा नेम धरला. दुसरा बार. डबा अर्धा फिरला आणि बांधाला लागून आडवा पडला.

तिने खटका लावला, नळी खाली केली. कानात गुणगुण होत होती आणि छातीत काहीतरी मोकळं झालं होतं, वर्षानुवर्षं आवळून धरलेली मूठ सुटावी तसं. बंदुकीत आता काडतूस नव्हतं. तिने न वळताच हात मागे केला.

वर्जिलने पुढे होऊन आणखी दोन काडतुसं तिच्या तळहातावर ठेवली.